चुंबकाचं कडं काळं पडतं, खाजवतं, चकत्या गळतात, घड्याळ पळवतं: काय काय तपासायचं

परभणीत घड्याळदुरुस्तीचा गाळा आहे माझा. दुखण्याला गुण येतो म्हणून लोक घालतात ती चुंबकाची कडी, ब्रेसलेट, काळ्या मण्यांच्या माळा मीही चार वर्षं काचेच्या कपाटात लावून विकल्या. मग विकायचं सोडलं, दुरुस्ती मात्र सुटली नाही. माळेगावची जत्रा उरकली की पंधरा-वीस दिवसांत तिथं कडं घेतलेली पहिली गिऱ्हाइकं येतात आणि तक्रारी दरवर्षी त्याच असतात:

- "भाऊ, कडं काळं पडायलंय. पुसलं की जातंय, चार दिवसांत पुन्हा तेच."
- मनगटाला खाज, बारीक पुरळ, कड्याच्या मापाचा लाल पट्टा. तांब्याचं असेल तर हिरवट डाग.
- कड्यात आतून बसवलेल्या चुंबकाच्या चकत्या गळतात. कधी एखादी फुगून वर येते आणि तिच्याभोवती तांबूस भुगा दिसतो.
- फासा आपोआप उघडतो, नाहीतर माळेचं इलॅस्टिक तुटतं.
- "हातातलं घड्याळ पुढं पळायलंय." सेलचं घड्याळ असेल तर थांबत थांबत चालतं.
- "याचा पावर गेला. पहिल्यासारखा गुण येईना."

सगळ्यांत जास्त ऐकू येते ती शेवटची तक्रार, आणि तिच्यात चुंबकाचा दोष जवळपास कधीच नसतो. तिच्याकडे येतोच.

त्याआधी एक

घालणाऱ्याच्या किंवा शेजारी झोपणाऱ्याच्या छातीत पेसमेकर आहे का? असेल तर कड्याची दुरुस्ती करत बसू नका, ते काढून ठेवा. चुंबक जवळ आला की पेसमेकर हृदयाचं ऐकणं सोडून ठरावीक ठेक्यावर चालायला लागतो. डॉक्टर स्वतः तपासणीसाठी मुद्दाम चुंबक ठेवून हेच करतात. शॉक देणारं यंत्र बसवलं असेल तर मामला आणखी वाईट, कारण चुंबकाजवळ ते शॉक द्यायचंच थांबतं. निदान १५ सेंटिमीटर अंतर हवं. जागेपणी मनगट छातीपासून लांब असतं हो, पण झोपेत माणूस हात छातीवर घेऊनच झोपतो. चुंबकाचं लॉकेट तर छातीवरच लोंबतं. इन्सुलिन पंप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यात पाणी साठतं म्हणून बसवलेली झडप, यांनाही हेच लागू. एमआरआय करायला जाताना कडं घरीच ठेवून जा. टेस्ला आणि गॉस ही चुंबकाचा जोर मोजायची मापं; १.५ टेस्लाचं मशीन म्हणजे १५,००० गॉस, तिथं तुमच्या कड्याचा निभाव लागत नाही.

काळं पडलंय की काळं चिकटलंय?

ही तपासणी फुकटची, म्हणून पहिली. कणीक मळताना सुपारीएवढा घट्ट गोळा बाजूला काढा आणि कड्यावर, विशेषतः चकत्यांच्या कडेकडेनं, दाबून दाबून उचला. गोळा काळा झाला आणि कडं उजळलं तर ते काळं पडलेलंच नव्हतं, त्याला माती चिकटली होती.

आपल्याकडे हे फार होतं, आणि त्याला कारण आहे. वेरूळची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली, तोच दगड झिजून आपली काळी माती झाली. त्या दगडात चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे बारीक काळे कण असतात. शाळेत असताना जुन्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून मातीतून ओढला असेल तर त्याला आलेल्या काळ्या मिशा आठवतील. तुमचं कडं शेतात दिवसभर तेच करतं. मुलामा गेला, फसवलं, असं म्हणत लोक ते लिंबानं, चिंचेनं, राखेनं घासतात, आणि खरा मुलामा मग जातो.

एक मामा तांब्याचं कडं असंच पितळी भांड्यासारखं चिंच लावून रोज उजळायचे. चकचकीत ठेवलं होतं, मानलं पाहिजे. पण आंबट पाणी चकत्यांच्या खाली उतरलं आणि दोन महिन्यांत सहापैकी चार चकत्या फुगल्या. मजबूत छोट्या चकत्या निओडिमियमच्या असतात. त्यात बरंचसं लोखंडच असतं आणि ते फार लवकर गंजतं. वरचा निकेलचा पातळ मुलामा हीच त्यांची छत्री. तिला भोक पडलं की आतून गंज फुगतो.

जालन्याच्या लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांत, वेल्डिंगच्या दुकानात, लेथवर काम करणाऱ्यांचं काळं वेगळं असतं. तो लोखंडाचा कीस. कणकेच्या गोळ्यात तो टोचतो, त्यावरून ओळखा. कातडी आणि कड्याच्या मध्ये तो अडकला की ओरखडे येतात, घामानं गंजतो आणि वर "कडं सोसत नाही" असं नाव पडतं. कामावर जाताना कडं घरी ठेवा. फिरत्या यंत्राजवळ हातात कुठलंच कडं नको, चुंबकाचं तर नकोच.

कणीक फिरवून काळं गेलं नाही, तर ओल्या मऊ कापडानं पुसा आणि लगेच कोरडं करा. बोअरच्या जड पाण्यात साबण फुटत नाही, त्याचा पांढुरका थर खाचांत बसतो आणि त्यावर मळ धरतो. म्हणून आंघोळीला कडं काढलेलं बरं. इतकं करूनही काळं राहिलं, तर मात्र मुलामा उडालाय.

"पावर" गेला का?

टाचण्यांची डबी घ्या. एकेका चकतीनं किती टाचण्या उचलल्या ते मोजा. सगळ्या चकत्यांचा आकडा साधारण सारखा असेल तर पावर जिथल्या तिथं आहे. निओडिमियम मनगटावर नुसता राहून वर्षानुवर्षं थकत नाही. फेराइट, म्हणजे काळा चिनी मातीसारखा चुंबक, तोही नाही. एखादीच चकती मंद निघाली तर ती गंजली असेल किंवा तापली असेल.

साध्या निओडिमियमची मर्यादा ८० अंश सेल्सिअस. आपला उन्हाळा ४२-४३ चा, त्यानं काही होत नाही. पण मे महिन्यात काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर, किंवा सोन्यासारखं रिठ्याच्या पाण्यात उकळताना, चकतीचं नुकसान होऊ शकतं आणि डिंक तर त्याच्याही आधी सुटतो.

इथं आणखी एक खुलासा, कारण नांदेडहून आलेलं पोलादी कडं दाखवून "यात चुंबक आहे ना?" असं विचारणारे बरेच असतात. चुंबक त्याला चिकटला म्हणजे ते चुंबक झालं असं नाही, लोखंडाला चुंबक चिकटतोच. त्या कड्यानं टाचणी उचलली तर बोला. ते कडं श्रद्धेचं आहे, त्याला चुंबकाच्या हिशेबात ओढू नका.

मोबाइलवर चुंबकमापकाचं ॲप मिळतं. काही जवळ नसताना ते ४०-४५ मायक्रोटेस्लाच्या आसपास दाखवतं, ते पृथ्वीचं. कडं मोबाइलपासून चार बोटं लांब धरून आकडा लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच अंतरावरून ताडून बघता येईल. मोबाइलला चिकटवून मोजू नका, होकायंत्र भरकटतं. मग मोबाइल हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवत बसावं लागतं.

आता तोच आकडा बघत कडं हळूहळू लांब न्या. अंतर दुप्पट झालं की जोर जवळजवळ आठव्या हिश्शावर येतो. वीतभर लांब गेल्यावर चकतीचा जोर पृथ्वीच्या चुंबकापेक्षाही कमी भरतो. मनगटावरचं कडं गुडघ्याला काय करणार, हे तुमच्याच मोबाइलवर दिसेल. खोक्यावर छापलेला मोठा गॉसचा आकडा बहुधा चुंबकाच्या आतला असतो, कातडीवर पोचणारा नसतो.

मग गुण का येईना? टाचण्या चिकटत असतील तर कडं नादुरुस्त नाही, एवढं मी सांगू शकतो. बाकीचं शास्त्र असं: २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये गुडघा आणि खुब्याच्या झिजेच्या १९४ रुग्णांवरचा प्रयोग छापून आला. चुंबकाच्या कड्यानं दुखणं कमी झाल्याचं दिसलं, पण ते चुंबकामुळे की मनाच्या समजुतीमुळे हे सांगता येत नाही, असं संशोधकांनीच लिहिलं. अशा प्रयोगात अडचण टाचणीचीच असते. तुलनेसाठी काहींना बिनचुंबकाचं खोटं कडं देतात; ते किल्लीला चिकटत नाही, आणि माणूस ते करून बघतोच. २०१३ साली आमवाताच्या ७० रुग्णांवर तांब्याची कडी आणि चुंबकी पट्टे दोन्ही तपासले, समजुतीपलीकडचा फायदा निघाला नाही. रक्तातलं लोह चुंबक ओढतो हेही खरं नाही. ते लोखंडाच्या किसासारखं सुटं नसतं, आणि ऑक्सिजन घेतलेलं रक्त चुंबकापासून उलट किंचित लांब सरतं.

मी विकायचं सोडलं ते एका मावशींमुळे. कड्यानं साखर उतरते असं जत्रेतल्या विक्रेत्यानं सांगितलं आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या. पाय सुजल्यावर माझ्याकडे आल्या, कड्याचा पावर वाढवून द्या म्हणून. तेव्हा माझ्याही कपाटात तीच खोकी होती. मधुमेह, रक्तदाब, संधिवात बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणून इथं थांबायचं ते असं. सांधा सुजलाय, गरम लागतो, सकाळी तासभर आखडलेला राहतो, बोटं बधिर पडतात, असं काही असेल तर कडं काढा की ठेवा, पण डॉक्टरांकडे जा. डाव्या हातातली कळ छातीशी जात असेल तर टाचण्या मोजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

खाज आणि पट्टा

कडं पंधरा दिवस काढून ठेवा. पट्टा गेला, आणि दुसऱ्या हातात घातल्यावर तिथंही उठला, तर धातूच बाधतोय. बहुतेक वेळा तो निकेल असतो, चकतीच्या मुलाम्यातला नाहीतर कड्याच्या मिश्रधातूतला. "जर्मन सिल्व्हर" म्हणून जे विकतात त्यात चांदी अजिबात नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं. घामानं निकेल सुटतं, म्हणून हिवाळ्यात सोसलेलं कडं एप्रिलमध्ये चावायला लागतं. एकदा निकेलची ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही. मग बेल्टचं बक्कल, कानातलं, सगळंच जपून.

आतून पारदर्शक नेलपॉलिश लावायचा उपाय सगळीकडे सांगतात. मीही लावून देतो, पण घामात तो टिकत नाही. हिरवा डाग मात्र निरुपद्रवी. तांबं घामाशी मिळून होतो, साबणानं धुतला की जातो.

फोड आले, पाणी सुटलं, पुरळ कड्याच्या बाहेर पसरलं, किंवा साखरेच्या रुग्णाला जखम झाली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमधून ट्यूब आणून वर पुन्हा कडं चढवू नका.

गळणाऱ्या चकत्या

हे घरी होतं, पण लहान मुलं झोपल्यावर करा. चकती काढण्याआधी वरच्या बाजूला मार्करनं ठिपका द्या. उलटी बसली तर काही बिघडत नाही म्हणा, पण शेजारची चकती तिला ओढते किंवा ढकलते आणि डिंक वाळेपर्यंत ती जागेवर राहत नाही. लोखंडी चिमटा चालत नाही, चकती त्यालाच बिलगते. पितळी किंवा प्लॅस्टिकचा घ्या, तो नसेल तर दात कोरायची काडी. खाचेतला जुना डिंक खरवडून काढा, स्पिरिटनं पुसा, पूर्ण वाळू द्या. मग दोन नळ्यांचा एपॉक्सी मिसळून थेंबभर लावा. झटपट चिकटणारा डिंक वापरू नका, तो ठिसूळ असतो आणि घाम त्याच्या खाली शिरतो. चकती जागेवर दाबून धरायला कड्याच्या बाहेरच्या बाजूनं एक लोखंडी वायसर लावा. चकती आपणच स्वतःला ओढून धरते, हात मोकळे राहतात. २४ तास हात लावू नका.

फुगलेली, तडा गेलेली किंवा भुगा सुटणारी चकती परत चिकटवू नका, टाकून द्या. तिला कानस लावू नका, ड्रिल तर मुळीच नको. निओडिमियमचा भुगा पेट घेतो. माझ्या टेबलावर एकदा ठिणग्या उडाल्या आहेत, तेवढं पुरे झालं.

आणि चकत्या मोजा. दुरुस्तीआधी, दुरुस्तीनंतर आणि एरवीही अधूनमधून. मुलानं एक चकती गिळली आणि नंतर दुसरी, तर त्या आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकींना ओढतात, मधली आतडी चिमटली जाते आणि तिला भोक पडतं. सुरुवातीला मूल खेळतं-हसतं असतं, म्हणूनच लोक फसतात. केळं, तूप, "उद्या पडेल" यातलं काही नको. एक्स-रे आणि सर्जन असलेल्या दवाखान्यात त्याच घटकेला न्या. चकती गिळली की हरवली हे नक्की नसेल तरी न्या.

फासा, इलॅस्टिक

घडीचा फासा सैल झाला असेल तर आतली पितळी जीभ किंचित वर उचलली की पुन्हा कट्ट वाजतो. जास्त वाकवली तर तुटते. इलॅस्टिक वर्षभरात बदलायचंच. तुटण्याची वाट पाहिली तर मणी घरभर होतात, आणि हे काळे मणी फरशीवर पडले की फुटतात. "हेमेटाइट" म्हणून विकतात ते मणी एकमेकांना घट्ट चिकटत असतील तर ते बहुधा कारखान्यातलं फेराइट असतं. खरं हेमेटाइट चुंबकाला जेमतेम दाद देतं.

कडी तुटून डाख द्यायची वेळ आली तर सोनाराकडे जा आणि आत चुंबक आहे हे तोंडानं सांगा. ज्योत लागली की चकती मेली. चकत्या काढूनच डाख द्यावा लागतो.

घड्याळ

हा माझा प्रांत. कडं आणि घड्याळ एकाच हातात घालणारे खूप. आधी फुकटची तपासणी: कडं दुसऱ्या हातात घाला, रात्री दोन्ही वेगवेगळ्या जागी ठेवा. सेलचं घड्याळ असेल तर चुंबक लांब गेला की ते बहुधा आपोआप ताळ्यावर येतं, कारण चुंबक फक्त आतल्या इवल्या मोटरला अडवत असतो. तरी थांबत असेल तर सेल बदला.

चावीच्या घड्याळाचं दुखणं राहून जातं. बाबांचं एचएमटी जनता कपाटातून काढून कौतुकानं घालायचं आणि शेजारीच चुंबकाचं कडं, ही जोडी मी कितीदा पाहिली असेल. आतली केसासारखी गुंडाळलेली स्प्रिंग चुंबकाळते, तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पुढं पळतं. दिवसाला काही मिनिटंसुद्धा. लोक तेल-पाणी करून घेतात, पैसे जातात, घड्याळ पळतंच. साधं होकायंत्र चालू घड्याळाजवळ धरा. काटा थरथरला तर चुंबकाचाच दोष.

उतरवायला डीमॅग्नेटायझर नावाची छोटी विजेची डबी लागते, घड्याळवाल्याकडे असते. बटण दाबून घड्याळ वर धरायचं, हळूहळू हातभर लांब न्यायचं, मगच बटण सोडायचं. जवळ असतानाच सोडलं तर उलट नवं चुंबकत्व चढतं. घरी पाठीमागचं झाकण उघडू नका. त्या स्प्रिंगला बोट लागलं तर दुरुस्तीचा खर्च घड्याळाच्या किमतीवर जातो, आणि जनताचे सुटे भाग आता जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात.

नवं घ्यायचंच असेल तर

तरीही लोक घेतात. दिसायला बरं असतं, त्यात काही वावगं नाही. ३१६ एल प्रतीच्या स्टीलचं घ्या. चकत्या नुसत्या चिकटवलेल्या नकोत, कडेनं धातू वळवून बंद केलेल्या हव्यात, नखानं उचकटून बघा. मोजमापात एक बोट सैल. दुकानदारानं गॉसचा आकडा सांगितला तर कातडीवरचा का आतला, असं विचारा. आणि घरात रांगतं मूल असेल तर सुट्या चकत्यांचं कडं घेऊच नका, माझ्याकडे दुरुस्तीला आलं तरी मी ते चकत्या काढूनच परत देतो.